पावती क्रमांक पाचशे एक

पावत्यांची सुरुवात नेहमी एक क्रमांकापासून करावी. हा सल्ला मी हल्ली कुणालाही छातीठोकपणे देतो, आणि तोही न विचारता. लोक हसतात. हसू देत. त्यांच्या घरी अजून कर कार्यालयाचं पाकीट आलेलं नाही.

खरं म्हणजे मला काही विकायचंच नव्हतं. आमची ही नोकरीतून निवृत्त झाली आणि त्याच आठवड्यात एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "मला मागची खोली हवी."

"हवी म्हणजे? आहे की ती."

"आहे, पण तिच्यात मी मावत नाही. ती रिकामी करायची. उजेड येईल अशी खिडकी पाडायची. आणि तो पडदा काढून तिथे दार बसवायचं."

हे तिने इतक्या शांतपणे सांगितलं की वाद घालायला कुठे पाय ठेवायचा हेच मला कळेना. ही आयुष्यभर इस्पितळाच्या चौकशी खिडकीत बसली. रक्त कुठे द्यायचं, डॉक्टर कधी येणार, आमचा पेशंट कुठल्या मजल्यावर आहे, असं लोक दिवसभर विचारायचे आणि ही न चिडता सांगायची. संध्याकाळी घरी आली की मी विचारायचो, माझा चष्मा कुठे आहे. तेही ती सांगायची. असं माणूस स्वतःहून काही मागतंय म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? खोली कशासाठी हवी, हे मात्र मी विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात मी एवढं शिकलोय की बायकोला 'कशासाठी' असं विचारलं की उत्तर हमखास आपल्याबद्दल निघतं.

मागच्या खोलीत काय नव्हतं ते विचारा. लोखंडी कपाट, घडीची खाट, जागच्या जागी चालवायची व्यायामाची सायकल, मासे कधीच देवाघरी गेलेली काचेची टाकी, मुलीचं लहानपणीचं टेबल, इस्त्रीची फळी, तीन प्रवासी बॅगा आणि चौथ्या बॅगेची फक्त चाकं. व्यायामाची सायकल मी डॉक्टरांना घाबरून घेतली होती आणि तिच्यावर माझे टॉवेल फार छान वाळायचे.

"सुताराचे पैसे?" मी विचारलं.

"त्या खोलीतूनच निघतील," ही म्हणाली. "विका सगळं."

इथे माझ्या कामाच्या पद्धतीविषयी दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर पुढे जे झालं ते वाचून माझ्या बुद्धीविषयी गैरसमज होईल. मी शहर बससेवेच्या 'हरवले-सापडले' कक्षाचा प्रमुख आहे. कक्षात मी एकटाच असतो, पण दारावर तशी पाटी आहे. बसमध्ये कुणी छत्री विसरलं की ती माझ्याकडे येते. मी तिला क्रमांकाची चिठ्ठी दोऱ्याने बांधतो, नोंद करतो आणि मालक आला की त्याला खूण विचारतो. खूण बरोबर सांगितली तर छत्री आणि पावती, नाहीतर नुसता नमस्कार. या पद्धतीमुळे माझ्या कारकिर्दीत एकही छत्री चुकीच्या माणसावर उघडलेली नाही. पण माणसाला सवय लागते ती लागतेच. चिठ्ठीशिवाय कुठलीही वस्तू मला उघडीवाघडी वाटते.

तर मी खोलीतल्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधली. मग मुलीने फोनवरून मला मोबाईलमध्ये पैसे घेण्याचं ॲप उतरवायला लावलं. त्यातच वस्तूंचे फोटोही टाकता येतात. "बाबा, काही अवघड नाही, विचारेल ते भरत जा," असं म्हणून तिने फोन ठेवला. हे वाक्य बोलून फोन ठेवणाऱ्या माणसांना शिक्षा असायला हवी.

ॲपने पहिलाच प्रश्न विचारला, खातं वैयक्तिक की व्यावसायिक? वैयक्तिक म्हणजे आंघोळीच्या पंच्यासारखं काहीतरी वाटलं. दुसऱ्याच्या सायकलीचे पैसे त्यात कसे घ्यायचे? शिवाय व्यावसायिक खात्याला छापील पावती मिळत होती, आणि पावती म्हटलं की माझा जीव वितळतो. मी व्यावसायिकवर बोट ठेवलं. मग त्याने विचारलं, पहिला पावती क्रमांक? चौकटीत त्याने स्वतःच एक हा आकडा घालून ठेवला होता.

मी त्या एकाकडे बराच वेळ बघत बसलो. तुम्ही केस कापायला गेलात आणि न्हावी आनंदाने म्हणाला, "या या, तुमचंच डोकं पहिलं," तर तुम्ही बसाल खुर्चीत? गिऱ्हाईकाच्या हातात एक नंबरची पावती पडली की त्याच्या मनात शंका येणारच. मी एक खोडला आणि पाचशे एक घातला. त्या क्षणी मला फार व्यवहारी वाटलं होतं, हे नमूद करून ठेवतो.

विक्री मात्र झकास झाली. माणसं आली, कपाट ठोकून बघितलं, भाव पाडून मागितला, नेलं. सायकल घ्यायला आलेल्या गृहस्थांनी ती चालवून बघायचा हट्ट धरला आणि अर्धा तास घाम गाळून, "व्यायाम झाला, आता सायकलीची काय गरज," म्हणून निघाले होते. त्यांना मी पावती दाखवून परत वळवलं. शेवटची वस्तू गेली तेव्हा आकडा पाचशे अडतीसवर होता आणि मागची खोली इतकी मोकळी झाली की आवाज घुमायला लागला. ही तिथे मधोमध नुसती उभी राहिली. सुतार माप घेऊन गेला. त्याने भिंतीवर पेन्सिलीने खिडकीची चौकट आखली, आणि त्यानंतर ही येता-जाता त्या आखलेल्या खिडकीकडे बघायची.

मग पाकीट आलं.

पाकिटावर 'प्रति, व्यवस्थापक' असं होतं. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला बरं वाटलं. आत लिहिलं होतं की, आपल्या प्रतिष्ठानाने मोबाईल ॲपद्वारे स्वीकारलेल्या रकमांची माहिती आम्हाला मिळाली असून पावती क्रमांक पाचशे एक ते पाचशे अडतीस आमच्याकडे आहेत. तरी पावती क्रमांक एक ते पाचशे यांचा तपशील सादर करावा. न केल्यास उपलब्ध पावत्यांच्या सरासरीने मागील विक्री धरून कर आकारण्यात येईल.

मी सरासरी काढली. कपाट, खाट आणि सायकलीची सरासरी गुणिले पाचशे! माझे डोळे पांढरे झाले. विकून आलं होतं त्याच्या कितीतरी पट कर द्यावा लागणार होता.

हिने पत्र वाचलं, घडी घालून परत पाकिटात ठेवलं. "म्हणजे सुताराला थांबवायचं," ती म्हणाली.

"अगं, तात्पुरतं."

"हो. मी काही म्हटलं का?"

काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती चहा टाकायला उठली आणि मला ती पेन्सिलीची खिडकी आठवली. मी ठरवलं, काय वाटेल ते होवो, ही खोली तिला मिळालीच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून कर कार्यालयात गेलो. खिडकीतल्या माणसाने माझं सगळं ऐकून घेतलं आणि चेहऱ्यावरची एक रेषसुद्धा हलवली नाही. मी स्वतः खिडकीमागे बसणारा असल्यामुळे त्या चेहऱ्याची मला कदर आहे.

"म्हणजे तुमचा व्यवसाय नाही," तो म्हणाला.

"मुळीच नाही."

"मग खातं बंद करून टाका."

"करा. आत्ता करा."

"बंद करायला व्यवसाय सुरू झाल्याची तारीख लागते."

"अहो, तो सुरूच झालेला नाही!"

"जो सुरू झाला नाही तो बंद कसा करणार? आधी सुरू झाल्याची नोंद करा, मग बंद करा. पण सुरू झाल्याची नोंद केली की मग त्या पाचशे पावत्या लागतील." आणि मागे बघून तो म्हणाला, "पुढचे."

मी बाजूला झालो. उद्यापासून छत्री मागायला येणाऱ्यांशी जरा गोड बोलायचं, असं मनाशी ठरवलं.

घरी आलो तर बातमी माझ्याआधी पोचली होती. आमच्या इमारतीत बातमीला जिना चढावा लागत नाही. तळमजल्यावरचे वकीलकाका येऊन बसले होते. वकीलकाका वकील नाहीत. तरुणपणी ते एका खटल्यात साक्षीदार होते, पण खटला तडजोडीने मिटला आणि त्यांची साक्ष तशीच राहून गेली. ती ते तेव्हापासून देत आहेत.

"तू तिथे गेलासच कशाला?" ते माझ्यावर डाफरले. "तोंडी बोललास? संपलं! सरकारशी नेहमी लेखी बोलायचं, आणि असं बोलायचं की त्यांना कळता कामा नये. कागद आण."

मी कागद आणला. काकांनी मजकूर सांगितला, मी लिहिला. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: 'सदर पाचशे पावत्या अस्तित्वात असल्याचे आम्ही मान्य करीत नाही, तथापि त्या अस्तित्वात नसल्याचेही आम्ही मान्य करीत नाही.'

"काका, यातून नक्की काय सांगायचंय?"

"काहीच नाही. तेच तर कौशल्य आहे. आता खोली का रिकामी केली, ते लिही. कारण भक्कम पाहिजे."

कारण मला माहीत नव्हतं. ही आत होती. उठून दोन पावलं गेलो असतो तर विचारता आलं असतं. पण तेवढ्यात समोरच्या वहिनी दारात उभ्या होत्या त्या म्हणाल्या, "शिवणवर्ग हो, भाऊजी! ताई शिवणवर्ग काढणार. मी ओळखलंच होतं." समोरच्या वहिनी मदतीला इतक्या तत्पर असतात की कधी कधी अडचण यायच्या आत त्यांची मदत येऊन बसलेली असते. मला ते कारण पटलं. निवृत्त बाई, मोकळी खोली, दुसरं काय करणार? लिहिलं: 'प्रस्तावित शिवणवर्गासाठी.' काकांनी 'प्रस्तावित' या शब्दावर माझी पाठ थोपटली.

उत्तर आलं ते तातडीने. आपल्या पत्रावरून नवीन प्रश्न उपस्थित होत असून प्रतिष्ठानाच्या जागेची प्रत्यक्ष पाहणी करण्यात येईल. सोबत दिवस आणि वेळ. माझी पाचावर धारण बसली. वकीलकाका म्हणाले, "बघ, घाबरले!" नक्की कोण, ते त्यांनी सांगितलं नाही.

पाहणीच्या दिवशी सकाळी वहिनी आल्या आणि कमरेवर हात ठेवून आमचं घर बघू लागल्या. "भाऊजी, असं उघडं घर दाखवणार त्यांना? मागची खोली बघा, झाडून पुसून रिकामी. त्यांना वाटणार माल विकून मोकळे झाले. घर भरलेलं दिसलं पाहिजे. खाऊनपिऊन सुखी माणसाचं."

"आता आणू कुठून?"

"आम्ही मेलोय का?"

पुढचा तासभर आमच्या जिन्यात नुसती ये-जा चालली होती. वहिनींनी तीन खुर्च्या, आरशाचं टेबल आणि त्यांचा जुना फ्रीज पाठवला. वकीलकाकांनी आपलं भलंमोठं टेबल चौघांकडून उचलून आणवलं, कायद्याची पुस्तकं वर रचूनच. शिवणवर्गाला जोर यावा म्हणून वहिनींनी आपलं शिलाई मशीन दिलं, आणि काकांना ते माहीत नसल्यामुळे त्यांनी काकूंचं मशीन पाठवलं. शिवाय वरच्या मजल्यावरून दोन गाद्या, एक उंच दिवा आणि एक स्ट्रेचर आलं. स्ट्रेचर कुणाचं ते शेवटपर्यंत कळलं नाही. सगळं मागच्या खोलीत गेलं, कारण जागा तिथेच होती.

ही दारात उभी राहून बघत होती. पेन्सिलीची खिडकी वहिनींच्या फ्रीजच्या मागे गेली.

"संध्याकाळी सगळं परत जाईल," मी म्हणालो.

"बरं."

आता लोकांच्या वस्तू आपल्या घरात, परत करताना अदलाबदल झाली तर? वहिनींची खुर्ची काकांकडे गेली तर इमारतीत महायुद्ध. मी अगदी सहज, हाताच्या सवयीने, प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधली. पावत्यांचा आकडा जिथे थांबला होता तिथूनच पुढे क्रमांक घातले. पाचशे एकोणचाळीस, पाचशे चाळीस, पाचशे एकेचाळीस.

बेल वाजली.

अधिकारी बाई होत्या. पन्नाशीच्या, खांद्याला जड पिशवी, आवाज हळू. मला वाटलं होतं कुणीतरी करड्या मिशीचा येईल आणि मी तशी तयारी केली होती. बाईंनी आधी पाणी मागितलं. पाणी पिताना त्यांचा फोन वाजला. "कपाटात बघ," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "नाही, वरचा खण. वरचा. हो." आणि फोन पिशवीत टाकून मला म्हणाल्या, "माल कुठे ठेवता?"

"माल नाही हो, मॅडम. साधं घर आहे."

त्या मागच्या खोलीशी गेल्या, पडदा बाजूला केला आणि तशाच उभ्या राहिल्या. आत दोन शिलाई मशीनं, एक फ्रीज, गाद्यांची चळत, आरसा, टेबल आणि स्ट्रेचर. प्रत्येकाच्या गळ्यात एकेक चिठ्ठी.

"पाचशे एकोणचाळीस," बाईंनी खुर्चीवरची चिठ्ठी वाचली. "ही कुणाची?"

"समोरच्यांची."

"विकायला आलीय?"

"नाही, नाही! पाहुणी आलीय."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मी पुढे सरसावून, हे सगळं घर भरलेलं दिसावं म्हणून कसं आणलंय ते समजावून सांगितलं, आणि सांगताना मलाच कळलं की हे न सांगणं जास्त बरं होतं.

"मग त्या आधीच्या वस्तू," बाई म्हणाल्या, "ज्या विकल्यात. त्या तुमच्या स्वतःच्याच होत्या, कशावरून?"

हा प्रश्न मी रोज लोकांना विचारतो. तो समोरून येतो तेव्हा इतका उद्धट वाटतो याची मला कल्पना नव्हती.

"घरातच वापरत होतो."

"पाचशे सात. लोखंडी कपाट. काही खूण?"

"हिरवं होतं," मी बाणेदारपणे सांगितलं.

"राखाडी," स्वयंपाकघराच्या दारातून ही म्हणाली. "डाव्या दाराला खाली पोचा. घर बदलताना जिन्यात आपटलं होतं. किल्ली उलटी फिरवावी लागते, आणि दार लावताना गुडघा लावला नाही तर उघडंच राहतं."

बाईंनी माझ्याकडे बघणं सोडून तिच्याकडे बघायला सुरुवात केली. मी मधून बाजूला झालो. पुढचा अर्धा तास माझ्याच घरात, माझ्याच वस्तूंची चौकशी चालली होती आणि तिच्याशी माझा काही संबंध नव्हता. खाट कुठल्या बाजूला कुरकुरते, टाकीच्या काचेला चीर कधी गेली, टेबलावर मुलीने खिळ्याने काय कोरलं होतं, कुठली वस्तू केवढ्याला घेतली आणि त्या महिन्यात त्यापायी दुसरं काय घेतलं नाही. हिला सगळं माहीत होतं. सायकलीची खूण विचारली तेव्हा मी "टॉवेल" म्हणालो, पण ते कुणी लिहून घेतलं नाही.

"यात नफा काहीच नाही," शेवटी बाई म्हणाल्या. "घेतलं त्याच्या निम्म्यालाही विकलेलं नाही. यावर कर लागत नाही. प्रश्न आहे तो पहिल्या पाचशेंचा."

मी सगळं खरं सांगितलं. न्हाव्याचं उदाहरणसुद्धा दिलं. बाईंचा चेहरा त्या कार्यालयातल्या खिडकीमागच्या माणसासारखा झाला.

"एवढ्यासाठी कुणी पाचशे एकपासून सुरू करतं?"

"हे करतात," ही म्हणाली. "आमचं लग्न ठरलं तेव्हा यांनी मला पहिलं पत्र पाठवलं. त्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, जावक क्रमांक एकवीस."

"मग आधीची वीस?"

"मीही वर्षभर तेच विचारत होते. माझ्या आईने तर लग्न मोडायला काढलं होतं."

बाई हसल्या नाहीत, पण त्यांना हातातलं पेन खाली ठेवावं लागलं. मी तिथे होतो आणि नव्हतोही. मग त्यांनी लिहिलं, आणि मला वाचता येईल अशा बेताने लिहिलं: 'व्यवसाय नाही. पावत्यांची सुरुवात पाचशे एकपासून हौसेखातर.' सरकारदरबारी माझ्या एवढ्या वर्षांच्या पद्धतीची 'हौस' म्हणून नोंद झाली. गिळलं. खोली वाचत होती.

"फक्त एकच राहिलं," बाईंनी वकीलकाकांचं पत्र काढलं. "तुम्ही म्हणता व्यवसाय नाही. इथे तर लिहिलंय, प्रस्तावित शिवणवर्ग. आणि आत दोन मशीनं आहेत."

"शिवणवर्ग?" हिने माझ्याकडे बघितलं. "कुणाचा?"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"मला बटण लावायचासुद्धा कंटाळा येतो," ही म्हणाली.

"मग ही खोली कशासाठी रिकामी केलीत? शिकवणी? पाळणाघर? मला काहीतरी लिहावं लागेल."

"बसायला."

"बसून काय करणार?"

"काही नाही."

"म्हणजे वाचन वगैरे?"

"नाही. काहीच नाही." ही तितक्याच शांतपणे बोलत होती. "दार लावून नुसतं बसायचं. मला कुणी काही विचारायचं नाही, आणि मी कुणाला काही सांगायचं नाही. मी आयुष्यभर सांगतच आलेय हो."

मला फार वाईट वाटलं. सगळ्या इमारतीने या खोलीचा अंदाज बांधला, मी तर तो सरकारला लेखी कळवला, आणि जिला विचारायचं ती दोन पावलांवर होती. आणि याहून वाईट म्हणजे, मी विचारलं असतं तर तेही तिला आणखी एक उत्तरच द्यावं लागलं असतं.

बाईंचा फोन पुन्हा वाजायला लागला. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, बंद केला आणि पिशवीच्या तळाशी घातला. वहीत शेवटची ओळ लिहिली, सही केली. "झालं," त्या म्हणाल्या. "खातं बंद करून घ्या, मी तसं कळवते. सुताराला बोलवा." मग जरा घुटमळल्या. "दाराला आतून कडी लावून घ्या. सुतार विसरतात लावायला."

"हो," ही म्हणाली.

"मी जरा बसून बघू का? पाचच मिनिटं."

हिने पडदा बाजूला केला. दोघी आत गेल्या. पाहुण्या खुर्च्यांवर बसल्याचा आवाज आला आणि मग आवाज आलाच नाही.

तेवढ्यात वहिनी धावत आल्या. "भाऊजी! एवढा वेळ? काय चाललंय आत?"

"काही नाही."

"ताईंना प्रश्न विचारतायत का?"

"नाही. काहीच चाललेलं नाही."

"मग मी जाते ना आत!"

आणि मी, ज्याने वहिनींना आजवर कशालाच नाही म्हटलं नव्हतं, पडद्यासमोर हात आडवा करून उभा राहिलो. "नाही वहिनी. आत काही चाललेलं नाही, म्हणूनच आत जाता येणार नाही."

वहिनींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. कान देऊन ऐकलं. त्यांच्या घरातून कुणीतरी मोठ्याने विचारत होतं की भिजवलेले कपडे वाळत कुणी घालायचे. वहिनींनी उत्तर दिलं नाही. अगदी हळू आवाजात मला विचारलं, "आत अजून एक खुर्ची आहे ना?"

"येऊ दे त्यांना," आतून हिचा आवाज आला. "पण बोलायचं नाही म्हणावं."

मी पडदा उचलला. वहिनी चपला बाहेर काढून पाऊल न वाजवता आत गेल्या. खाली जिन्यात वकीलकाकांचा खोकला ऐकू आला, तसा मी चटकन जिना उतरलो आणि त्यांना पहिल्याच मजल्यावर थांबवलं.